स्वातंत्र्यतीर्थांची वारी : सामानगडापासून गारगोटीपर्यंत

श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत इतिहासावर चार पाने लिहावीत, अशी समितीच्या वडीलधाऱ्या मंडळींनी आज्ञा केली. मी काही इतिहासकार नव्हे. एस.एस.सी.पर्यंत शिकलेला, तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस. परंतु सुट्टीच्या दिवशी एस.टी.त बसून आपल्या जिल्ह्यातील जुनी ठिकाणे पाहावयाची मला लहानपणापासून आवड आहे. जे पाहिले, वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, ते अल्पमतीप्रमाणे वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्याकडे तीर्थयात्रेची परंपरा मोठी. जोतिबाची चैत्र यात्रा कोणी चुकवीत नाही, आदमापूरला बाळूमामाच्या दर्शनाला जातो, पंढरीची वारी तर घराघरात आहे. परंतु ज्या जागी आपल्याच मुलखातील माणसांनी देशासाठी रक्त सांडले, त्या जागा वाटेवर असूनही आपली गाडी तेथे थांबत नाही. शाळेची सहल निघते ती रायगडला किंवा महाबळेश्वरला. ती जरूर निघावी. पण गारगोटीच्या बाजाराला आयुष्यभर जाणाऱ्या माणसाला तेथील सात हुतात्म्यांपैकी दोघांची तरी नावे सांगता येतात का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारून पाहावे.

आरंभ सामानगडापासून करू. गडहिंग्लज तालुक्यातील हा किल्ला चढायला अवघड नाही, गाडी थेट वर जाते. वर अंबाबाईचे देऊळ आहे, सात कमानींची विहीर आहे. लोक विहीर पाहतात, देवीला नारळ फोडतात आणि डबे सोडून बसतात. पण १८४४ साली इंग्रजांच्या कारभाराविरुद्ध जे गडकऱ्यांचे बंड झाले, त्याची पहिली ठिणगी याच गडावर पडली, हे तेथे जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

हे बंड का झाले ते मी माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो, कारण त्याचे मूळ जमिनीच्या दप्तरात आहे. गडकरी म्हणजे गडाची राखण करणारे वंशपरंपरेचे शिपाई. त्यांना रोख पगार जवळजवळ नव्हताच. गडाखालच्या जमिनी त्यांच्या चाकरीबद्दल तोडून दिलेल्या असत. त्या जमिनींचा कारभार गडावरूनच चाले. त्या वेळी कोल्हापूरचे महाराज अल्पवयीन होते. इंग्रजांनी १८४३ साली दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. त्यांनी राज्याची घडी बसवावयास घेतली. घडी विस्कटलेली होती हेही खरेच. परंतु त्या सुधारणेत गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार गडावरून काढून मामलेदाराच्या कचेरीत नेण्यात आला. कागदावर हा एका ओळीचा हुकूम. पण ज्या शिपायाच्या आजा-पणजाने तो तट सांभाळला, त्याला आपल्याच शेताच्या कामासाठी कचेरीच्या ओट्यावर जाऊन उभे राहण्याची वेळ आली. पुढे जमीन जाणार, सारा बसणार, ही धास्ती निराळीच. सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले.

नंतर भुदरगड उठला, पन्हाळा उठला, खुद्द कोल्हापुरातही बंडाचे वारे शिरले आणि बाबाजी अहिरेकर हे तेथील पुढारी झाले. कर्नल ओव्हान्स नावाच्या बड्या इंग्रज अंमलदाराला बंडवाल्यांनी वाटेत धरून पन्हाळ्यावर कैदेत टाकले. इंग्रजांना मोठी फौज आणावी लागली. जनरल डेलामोट याने १३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड घेतला, नोव्हेंबरात भुदरगड पडला आणि १ डिसेंबरला पन्हाळा. उरलेली मंडळी सावंतवाडीकडे मनोहर-मनसंतोष गडांवर गेली. तेथेही १८४५ च्या आरंभी आउट्रम याने त्यांना टिकू दिले नाही.

इंग्रजांनी पुढे किल्ल्यांची मोडतोड केली. पन्हाळ्यावर गाडीरस्ता जेथून आत शिरतो तेथे चार दरवाजा होता, तो पाडण्यात आला. आज आपण मोटारीत बसून ज्या जागेतून आरामात वर जातो, ती जागा म्हणजे बंडाची शिक्षा म्हणून किल्ल्याच्या अंगावर केलेली जखम आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात पन्हाळा आहे, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट होय. यापुढे तेथे गर्दी वाढेल. तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जाकोठी पाहावयास सर्वजण जातील. माझी विनंती एवढीच की, चार दरवाज्याच्या पडक्या चौथऱ्यापाशीही दोन मिनिटे उभे राहावे. शिवछत्रपतींच्या काळचा पन्हाळा सर्वांना माहीत असतो. १८४४ चा पन्हाळा पोरका आहे.

भुदरगडचे वर्णन आपल्या भागातील वाचकांना करावयास नको. भैरवनाथाच्या यात्रेला सगळे जातात. दूधसागर तलावाच्या काठाने तटाकडे चालत गेले म्हणजे खाली मुलूख पसरलेला दिसतो. त्या तटावर उभे राहिल्यावर मला नेहमी वाटते की, १८४४ साली येथे उभा असलेला शिपाई खाली आपलेच शेत पाहत असणार.

तेरा वर्षांनी सत्तावन्न साल आले. कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण होती, ती ३१ जुलै १८५७ च्या रात्री उठली. तो उठाव मोडला. पुन्हा डिसेंबरात शहराचे दरवाजे बंद करून बंडवाल्यांनी शहर ताब्यात घेतले, तेव्हा जेकब नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दरवाजा उडवून आत प्रवेश केला आणि पकडलेल्या अनेकांना देहान्त शासन दिले. महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय होता. त्यांना पकडून दूर कराचीस नेऊन ठेवण्यात आले आणि तेथेच १८६९ साली त्यांचे निधन झाले. सी.पी.आर. दवाखान्याजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे. आपल्यापैकी प्रत्येकाचा कोणी ना कोणी त्या दवाखान्यात दाखल झालेला असतो. औषधाची चिठ्ठी हातात घेऊन त्या चौकातून आपण घाईने रस्ता ओलांडतो. ज्याच्या नावाचा हा चौक, त्याला अखेरच्या क्षणी कोल्हापूरची माती दिसली नाही.

कोल्हापूर शहरातच आणखी दोन ठिकाणे एका फेरीत पाहून होतात. आज जेथे शिवाजी चौक आहे, तेथे पूर्वी मुंबईचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. शिवरायांच्या वंशजांच्या राजधानीत भर चौकात इंग्रज गव्हर्नर उभा! बेचाळीसच्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि त्यांच्या सहकारी भगिनीने त्या पुतळ्याचे विद्रूपीकरण केले. पुरुष मंडळी बेत करीत असता बायकांनी काम उरकले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९४३ साली क्रांतिकारकांनी तो पुतळा फोडला आणि १९४५ साली भालजी पेंढारकर आदींच्या प्रयत्नाने त्या जागी शिवछत्रपतींचा पुतळा बसला. दुसरे ठिकाण बिंदू चौक. हुतात्मा स्तंभ, जुन्या कोटाची भिंत, शेजारी तुरुंग. येथेच ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसले. बाबासाहेब हयात असताना उभा राहिलेला हा त्यांचा पुतळा होय. त्यामागे भाई माधवराव बागल यांचे श्रम होते.

माधवरावांचे नाव आले म्हणून प्रजा परिषदेची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तीवाचून गारगोटीचा अर्थ लागत नाही. आपला मुलूख खालसा नव्हता, संस्थानी होता. वर महाराज, त्यांच्यावर इंग्रजांचा रेसिडेंट. म्हणून पुण्या-सातारकडच्या लोकांप्रमाणे सरळ काँग्रेसच्या झेंड्याखाली लढा देणे येथे तितके सोपे नव्हते. १९३८ साली बागलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, मागणी शेतसारा कमी करण्याची. त्यातूनच १९३९ च्या फेब्रुवारीत जयसिंगपूर येथे प्रजा परिषद जन्मास आली. रत्नाप्पा कुंभार हे तिचे दुसरे खंदे पुढारी, जे पुढे घटना समितीचे सदस्य झाले. म्हणजे आपल्याकडे स्वराज्याची मागणी साऱ्याच्या पावतीवरून सुरू झाली. १८४४ लाही तेच होते, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

आता गारगोटी.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये महात्माजींनी 'चले जाव'ची घोषणा केली आणि त्याच पहाटे पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्यानंतर आपल्या आजूबाजूच्या मुलखात लोकांनी लढ्यासाठी जागा निवडली ती कचेरी. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर प्रचंड मोर्चा गेला आणि तेथे तिरंगा लागला. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या कचेरीवर तसाच मोर्चा गेला तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण ठार झाले. तासगावात झेंडा, वडूजला गोळी. मोर्चा तसाच, माणसे तशीच, हातात शस्त्र दोन्हीकडे नाही. वडूजच्या गोळीनंतर पुष्कळ तरुणांचा निःशस्त्र मार्गावरचा विश्वास उडाला आणि भूमिगत टोळ्या वाढल्या.

त्याच वर्षी १३ डिसेंबरला गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी सशस्त्र हल्ला केला. गारगोटी हे तेव्हाही भुदरगड पेट्याचे मुख्य ठिकाण. कचेरीत खजिना आणि कोठडी. खजिना हाती घ्यावा आणि सत्तेचे नाक दाबावे, असा बेत. पालीच्या डोंगरातील गुहेचे नाव या भागातील लोक या कटाशी जोडून घेतात. पहाऱ्यावरील पोलिसांशी झुंज जुंपली आणि सातजण कामी आले.

करवीरय्या स्वामी, नारायण वारके, शंकरराव इंगळे, मल्लू चौगुले, तुकाराम भारमल, परशराम साळुंखे, बळवंत जबडे.

ही सात नावे मी मुद्दाम स्वतंत्र ओळीत लिहिली आहेत. घरी मुलांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावीत. नावे नीट पाहिली म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. त्यांत स्वामी आहे, चौगुले आहे, भारमल आहे, साळुंखे आहे. गावांकडे पाहावे तर कापशी, कलनाकवाडी, मुरगूड, चिखली या बाजूची आणि खडकलाट, जत्राट ही निपाणी भागातील. निपाणीकडचा मुलूख त्या वेळी खालसा, बेळगाव जिल्ह्यात. गारगोटी संस्थानात. म्हणजे इंग्रजांच्या थेट अंमलाखालची माणसे संस्थानच्या कचेरीवर येऊन लढली. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि ती दोन गावे म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात गेली. हुतात्मे मात्र एकाच दगडावर राहिले. सीमेचा वाद आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्यावर भाषणे पुष्कळ ऐकली, पण गारगोटीच्या त्या सात नावांइतके बोलके भाषण मी ऐकले नाही.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी स्वतः कचेरीतला माणूस. गारगोटीस कामानिमित्त गेलो की मनात प्रथम येतो तो त्या वेळचा कारकून. त्याच्या टेबलावर साऱ्याच्या नोंदी, जमाबंदीचे कागद. पहाऱ्यावरचा पोलीस शिपाईही कुठल्यातरी खेड्यातलाच, पोटासाठी बंदूक घेतलेला. ज्यांच्यावर त्याने बंदूक रोखली, त्यांची आणि त्याची भाकरी एकाच ज्वारीची. कोणी त्यास गद्दार म्हणतो. मला तसे म्हणवत नाही. परंतु त्याच्या हुकमाने आणि त्या सातजणांच्या हिमतीने यांपैकी देश कोणत्या गोष्टीने स्वतंत्र झाला, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तसेच सशस्त्र हल्ल्याचा मार्ग बरोबर की चूक, हा वाद तेव्हाही होता, आजही घालता येईल. वाद घालणाऱ्याने आधी गारगोटीस जाऊन त्या स्मारकापुढे उभे राहावे आणि मग वाद घालावा.

आणखी एक ध्यानात घ्यावे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपले संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. तेथून पुढे आपली कचेरी लोकांच्या राज्याची कचेरी झाली. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आज आपण हक्काने खिडकीपाशी भांडतो (आणि कधी कधी फारच भांडतो, हे मी अनुभवाने सांगतो!), तो हक्क फुकट आलेला नाही.

मुरगूडला हुतात्मा तुकाराम चौक आहे. बाजारच्या दिवशी तेथे इतकी गर्दी असते की पाटीकडे मान वर करून पाहावयास कोणास सवड नसते. मुदाळच्या सूतगिरणीला हुतात्मा स्वामी-वारके यांचे नाव आहे. तेथे नोकरीस असलेल्या एका तरुणास मी विचारले, की स्वामी-वारके हे एक की दोन? तो हसला आणि म्हणाला, "एकच असतील की! स्वामी नाव, वारके आडनाव." त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही. करवीरय्या स्वामी निराळे, नारायण वारके निराळे, दोघे एकाच दिवशी पडले, एवढे सांगावयास शाळेत किती वेळ लागतो? बेचाळीस साल पाहिलेली माणसे आता जवळपास राहिली नाहीत. माझ्या लहानपणी पारावर बसून त्या दिवसांच्या गोष्टी सांगणारे म्हातारे होते. आता पार आहे, सांगणारे नाहीत.

हे सारे देवळाच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्यास कारण आहे. जीर्णोद्धारासाठी जुना सभामंडप उतरवला तेव्हा मागच्या बाजूस मातीत गाडलेले तीन कोरीव दगड निघाले, हे सर्वांनी पाहिलेच आहे. ते वीरगळ होत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कोण्या काळी गावच्या गुरांसाठी, सीमेसाठी किंवा राजासाठी लढून पडलेल्या आपल्याच पूर्वजांचे ते दगड. त्यांवर नाव नाही. नाव नसल्यामुळे ते मातीखाली गेले आणि कित्येक पिढ्या आपण त्यांच्यावरून चालत देवाला गेलो.

दगड भक्कम आहेत, पायरीखाली भरीला घालावेत, अशी सूचना आली होती. बैठकीत त्यावर बराच खल झाला. कोणी म्हणाले फरशीच्या कामात आडवे येतात, कोणी म्हणाले तेलरंग देऊन पाराजवळ बसवू. अखेर वडीलधाऱ्यांनी निवाडा केला की, दगड न रंगवता, न घासता, दीपमाळेशेजारी चौथरा बांधून पूर्वाभिमुख उभे करावेत. या निर्णयाबद्दल समितीस मी अंतःकरणपूर्वक धन्यवाद देतो. कळसाइतकेच पुण्य मला त्यात वाटते.

आता देणगीदारांविषयी, आणि हे मी भीत भीतच लिहितो. आपल्या मुंबईकर मंडळींनी, माहेरवाशिणींनी, दूध संस्थेने आणि गावातील लहानथोरांनी या कामास जो हात दिला त्यास तोड नाही. एकवीस रुपये देणाऱ्या विधवा माउलीपासून एक खांब स्वतःच्या खर्चाने उभा करणाऱ्यापर्यंत सर्वांची नावे संगमरवरात यावीत, हे योग्यच आहे. परंतु मंडपाच्या भिंतीवर नावांसाठी जी जागा राखून ठेवली आहे, तिच्यापैकी एक फरशी कोरी ठेवावी आणि तिच्यावर आपल्या पंचक्रोशीतून स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या आणि प्राणास मुकलेल्या माणसांची नावे कोरावीत, अशी माझी नम्र सूचना आहे. नावे ऐकीव नकोत. ज्यांच्या घरी जुने कागद, सन्मानपत्र, ताम्रपट किंवा निवृत्तिवेतनाचे पुस्तक असेल, त्यांनी त्याची नक्कल समितीकडे द्यावी. एवढे कागद तपासण्याचे काम मला जमते, तोच माझा धंदा आहे. त्या फरशीचा खर्च एका देणगीदाराने एकट्याने करू म्हटले आहे, मात्र स्वतःचे नाव कोठेही येऊ नये अशी त्यांची अट आहे. म्हणून ते येथेही लिहीत नाही.

दुसरी सूचना सहलीची. येत्या १३ डिसेंबरला प्रासंगिक करारावर एक एस.टी. घ्यावी. पहाटे निघून सामानगड पाहावा, तेथून गडहिंग्लज-मुरगूडमार्गे हुतात्मा तुकाराम चौकात थांबून गारगोटीस स्मारकावर फूल वाहावे. भुदरगडावर भैरवनाथाचे दर्शन घेऊन दिवस मावळण्यापूर्वी परत यावे. पन्हाळा आणि कोल्हापूर यांसाठी निराळा दिवस ठेवावा, एका दिवसात उरकण्याची घाई करू नये. सातवीच्या वरील मुलामुलींना अर्धे भाडे. वृद्धांनी सामानगडावर काठी आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे, वर सावली कमी आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे कार्तिकी एकादशीपर्यंत देवळातील वहीत लिहावीत. वही पुजाऱ्यांच्या कट्ट्यावर ठेवली आहे, पेन मात्र प्रत्येकाने आपले आणावे.